सात जणींची पावती

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे आणि स्वभावाने संशयी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मला तीन कुलुपं आहेत आणि त्यांच्या तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या माणसांच्या खिशात असतात. जिला जन्मापासून तीन कुलुपं लागली, तिचा स्वभाव आणखी कसा असणार?

माझा जन्म बाटल्यांच्या कारखान्यात झाला. ज्या खोक्यांतून काचेच्या बाटल्या बाहेर जातात, त्यांच्याच उरलेल्या फळ्या जोडून तिथल्या सुताराने मला घडवलं. जेवणाच्या सुट्टीत, घास कसेबसे पोटात ढकलून, बारा दिवस तो माझ्यावर खपला. माझ्या एका कुशीवर 'काच आहे, सांभाळा' ही अक्षरं अजून दिसतात. माझ्या पोटात काच कधीच नव्हती. होती ती युनियनची वर्गणी, पावतीपुस्तकं आणि तक्रारवही.

युनियन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. कारखान्यातले कामगार दर महिन्याला थोडी थोडी वर्गणी एकत्र ठेवतात. मग त्यांच्यातल्या एखाद्यावर वरच्या साहेबांची खप्पा मर्जी झाली, तर बाकीच्यांच्या वतीने एक माणूस त्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि त्याची बाजू मांडतो. वरच्या खोलीत एकट्या माणसाची बोबडी वळते. शेजारी आपलं कुणी असलं की तोच माणूस नीट बोलतो. असे परत येऊन सांगणारे मी पुष्कळ ऐकले आहेत.

आता तीन कुलुपांची गोष्ट. माझ्याआधी वर्गणी एका रुमालात बांधलेली असायची आणि तो रुमाल पहिल्या खजिनदाराच्या घरी. माणूस सरळमार्गी होता. एकदा मोजताना थोडे पैसे कमी भरले. कुणीतरी हसत हसत म्हणालं, "काय हो, घरी पाहुणे आले होते वाटतं?" तेवढं पुरे झालं. चार दिवसांनी पैसे त्याच रुमालाच्या उसवलेल्या काठात सापडले, पण त्या माणसाने पुन्हा युनियनच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की एक किल्ली अध्यक्षांकडे, एक खजिनदाराकडे आणि तिसरी एखाद्या साध्या सभासदाकडे, दर वर्षी चिठ्ठी टाकून. तिघं एकत्र आल्याशिवाय मी उघडत नाही. हे कुणावर अविश्वास म्हणून नव्हे, पुन्हा कुणाला बोल लागू नये म्हणून.

माझे उमेदीचे दिवस दणक्यात गेले. कारखान्याच्या फाटकासमोर, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा होती. एकदा पंचेचाळीस दिवस संप चालला, तेव्हा मी रोज उघडत होते आणि रोज हलकी होत होते. शेवटच्या आठवड्यात माझ्या तळाची फळी दिसायला लागली. तरी एकाही घरची चूल विझली नाही, असं तेव्हाचे अध्यक्ष भर सभेत म्हणाले, आणि लोकांनी कौतुकाने माझ्या झाकणावर थापा मारल्या. इतक्या मारल्या की एक बिजागरी सैल झाली ती आजतागायत तशीच आहे.

पुढे कंपनीशी करार झाला. वर्गणी परस्पर पगारातून कापली जाऊ लागली आणि बँकेत जाऊ लागली. लोकांची सोय झाली, मी नाही कशाला म्हणू? पण मला टेबलाखाली ढकललं. माणसं माझ्यावर पाय टेकून बसायची. ओल्या छत्र्या माझ्यावर निथळायच्या. कुलुपं गंजली. आठ वर्षं मला कुणी पेटीसुद्धा म्हटलं नाही. 'ते खोकं' म्हणायचे.

मग एका पगाराला कंपनीने वर्गणी कापणं अचानक बंद केलं. कंपनीच्या वतीने कामगारांची प्रकरणं बघणारे एक साहेब होते, कामगार अधिकारी. त्यांना कारण विचारलं तर ते म्हणाले, "वर्गणी तुमची, तुम्ही गोळा करा. आम्ही काय तुमचे वसुलीवाले?" करारातलं एक कलम मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं. कामगाराची चौकशी लागली, तर मागच्या तीन महिन्यांची वर्गणी भरलेली असेल त्याच्याच शेजारी युनियनचा माणूस बसू शकेल. पावती दाखवायची, मग बसायचं. पावती नसेल तर बाहेर.

तेव्हा नानांनी मला टेबलाखालून ओढलं, पुसलं आणि कुलुपांत तेल घातलं. नाना साचे दुरुस्त करणारे कारागीर आणि युनियनचे खजिनदार. पैशाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत, माणसांच्या बाबतीत मात्र भिडस्त. अध्यक्ष त्यांच्या अगदी उलट. बोलण्यात पटाईत, कायम घाईत, पण सभासदासाठी जीव टाकणारे. तिसरी किल्ली त्या वर्षी भट्टीवरच्या एका आडदांड माणसाच्या नावाने निघाली. सभेत चहाचं बिल वाचलं तरी हा उठून "माझी हरकत आहे" म्हणायचा, म्हणून सगळे त्याला हरकतदादा म्हणत. अध्यक्षांचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

नानांनी प्रत्येक खात्यातून एकेक जण वर्गणी गोळा करायला नेमला. तपासणी आणि लेबल खात्यात आठ बायका होत्या. तिथलं पावतीपुस्तक लेबलं लावणाऱ्या बाईकडे गेलं. दिवसभर तिचे हात खळीत, म्हणून ती सगळ्यांची चिकटताई. तिची बोटं लागली की पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटायची, त्यावरून नाना वैतागायचे. पण तिची खरी खोड वेगळी होती. आठ जणींची मिळून ती एकच पावती फाडायची आणि वर लिहायची, 'तपासणी खाते, आठ जणी'.

"अगं, पावती माणसाची असते. खात्याची कसली पावती?" नाना म्हणायचे.

"नाना, सुट्टी मिळते अर्धा तास. आठ पावत्या लिहीत बसले तर जेवू कधी?"

नानांना तेही पटायचं. "निदान पुढच्या महिन्यापासून तरी," असं पुटपुटत ते पैसे मोजून माझ्यात ठेवायचे. असे तीन महिने गेले. मी आतल्या आत करकरत होते. पण पेटी करकरली तर लोक तेल घालतात, ऐकून कोण घेतं?

आणि मग आक्काला नोटीस लागली.

आक्का त्या आठ जणींतलीच. उजेडाच्या काचेसमोरून बाटल्या सरकत जातात, त्यांतली तडा गेलेली बाटली ओळखून बाजूला काढायची, हे तिचं काम. वीस खोकी तडकलेल्या बाटल्या बाहेर गेल्या आणि गिऱ्हाइकाने त्या परत पाठवल्या. कंपनीने ठपका आक्कावर ठेवला. हलगर्जीपणाबद्दल कामावरून का काढू नये, असा सवाल, आणि चौकशी गुरुवारी दुपारी तीन वाजता. खरी गोष्ट अशी की त्या काचेमागच्या चार दिव्यांपैकी दोन दिवे पंधरा दिवस बंद होते. आक्काने तशी तक्रार तेव्हाच केली होती. ती आमच्या तक्रारवहीत होती आणि खाली कंपनीच्या कचेरीची 'मिळाली' अशी सहीही होती. पण चौकशीत ती वही मांडायचा हक्क फक्त युनियनच्या माणसाला. नाना शेजारी बसले तर आक्काची नोकरी वाचणार होती. नाना बाहेर राहिले तर आक्का एकटी पडणार होती. घरी दोन मुली, अंथरुणाला खिळलेली सासू, आणि मिळवती ही एकटी.

गुरुवारी दीड वाजता तिघं आपापल्या किल्ल्या घेऊन आले. तिघांचीही पाळी सकाळी संपली होती. आक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तीन कुलुपं निघाली, झाकण वर गेलं, आणि नानांनी तपासणी खात्याचं पुस्तक काढून तीन महिन्यांच्या स्थळप्रती शोधल्या. पहिल्या महिन्याची पावती, आठ जणी. शेवटच्या महिन्याची, आठ जणी. मधल्या महिन्याची पावती नानांनी दोनदा वाचली. तिच्यावर लिहिलं होतं, 'तपासणी खाते, सात जणी'.

"आक्का," नानांनी हळू आवाजात विचारलं, "मधल्या महिन्यात तू कुठे होतीस?"

"काविळीने घरी होते नाना. तीन आठवडे, बिनपगारी."

"मग वर्गणी कुणाच्या हाती पाठवली होतीस?"

"नाही पाठवली. तेव्हा औषधाचेच वांधे होते. कामावर परत आल्यावर चिकटताईला विचारलं होतं, माझे मागचे राहिलेत का गं? ती म्हणाली, तू आधी नीट उभी राहा. मग तो विषय राहूनच गेला."

चिकटताईला विचारावं तर ती पाळीवर होती, आणि पाळीवरच्या माणसाला फाटकाबाहेर कोण सोडतंय? अध्यक्षांनी नानांच्या हातून पुस्तक घेतलं आणि रागारागाने पानं चाळली. एक पान त्यांच्या बोटांना जाड लागलं. त्यांनी ते नखाने हलकेच सोडवलं. दोन पानं खळीने चिकटून गेली होती आणि मधे एक पावती कोरी राहिली होती. नेमकी त्याच महिन्यातली, सात जणींच्या पावतीला लागून.

"नाना, लिहा," अध्यक्ष म्हणाले. "आक्काचं नाव आणि त्या महिन्याची तारीख. पैसे मी घालतो."

नानांनी खिशातून पेन काढलं, पण टोपण तसंच ठेवलं.

"कुणाचं नुकसान आहे यात? पैसे खरे, माणूस खरा, महिना खरा. तारीख काय ती थोडी आधीची."

"खोटी," हरकतदादा म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

"खिशातल्या किल्लीने."

नानांनी पेनाचं टोपण काढलं. मित्रांनो, मी संशयी, मी नियमाची, तीन कुलुपांची. तरी त्या घटकेला मला काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, लिहा नाना, लवकर लिहा. आक्का दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती आणि तिच्या चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीने बांधलेला मला दिसत होता. पेनाचं टोक कागदाला टेकायला आलं होतं.

"माझी हरकत आहे," हरकतदादा म्हणाला. नेहमीसारखा गडगडला नाही, खालच्या आवाजात बोलला. "आज तुम्ही आक्कासाठी लिहाल. पण हे एकदा बाहेर फुटलं, तर साहेब म्हणणार, यांच्या पावत्या खोलीत बसून लिहिलेल्या असतात. मग पुढच्या माणसाची खरी पावतीसुद्धा कोण धरेल?"

"पुढच्या माणसाचं पुढे बघू. ही आत्ता समोर बसली आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "तिच्या मुलींना तू सांगशील का जाऊन, की आम्ही नियम पाळला?"

दोघांचंही मला पटत होतं, हीच तर पंचाईत होती. तेवढ्यात आक्काच बोलली.

"नाना, नका लिहू. आत मला विचारलं, तू पैसे दिलेस का, तर माझ्या तोंडून हो निघायचं नाही. मग तुम्हीही अडकाल माझ्याबरोबर."

नानांनी आक्काकडे पाहून मान हलवली. मग त्यांनी त्या कोऱ्या पावतीवर आडवं 'रद्द' लिहिलं, खाली सही केली आणि तारीख आजची घातली. अध्यक्ष खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

सव्वादोन वाजले. नाना पावतीपुस्तक आणि तक्रारवही पिशवीत घालू लागले, तर हरकतदादा पुन्हा आडवा आला. "पुस्तक सुटं जाणार नाही. वाटेत काही बदललं असं म्हणायला त्यांना जागा नको."

"मग काय पेटी डोक्यावर घेऊन जायची?" अध्यक्ष खेकसले.

"हो," तो म्हणाला. त्याने दोन्ही वह्या माझ्यात ठेवल्या, तिघांकडून तिन्ही कुलुपं लावून घेतली आणि मला खांद्यावर उचललं. ज्या फाटकातून मी बारा दिवसांची असताना बाहेर आले होते, त्या फाटकातून इतक्या वर्षांनी मी आत निघाले. पहारेकऱ्याने अडवलं.

"यात काय आहे?"

"कागद."

"वर तर काच लिहिलंय. उघडून दाखवा."

"साहेबांसमोर उघडेल. त्याआधी नाही."

पहारेकरी फोन करायला आत गेला. फाटकावरच्या घड्याळात तीनला दहा कमी होती. मग सात. आक्का ओठ चावत उभी होती. तीनला चार कमी असताना पहारेकरी बाहेर आला आणि हाताने 'जा' म्हणाला. आम्ही अक्षरशः पळत जिना चढलो. म्हणजे ती माणसं चढली, मी खांद्यावर आदळत होते.

चौकशीची खोली लांबट होती. एक टेबल, पाच खुर्च्या, पाण्याचा तांब्या, आणि दर फेरीला टक् असा आवाज करणारा पंखा. साहेबांनी मला टेबलावर, त्यांच्या कागदांच्या ट्रेला लागून ठेवायला सांगितलं. तिन्ही कुलुपं निघेपर्यंत ते बोटांनी टेबल वाजवत होते. पुस्तक पाहिल्यावर मात्र त्यांची बोटं थांबली.

"आठ, सात, आठ," ते म्हणाले. "मधल्या महिन्यात ही बाई बिनपगारी रजेवर. मग राहिलेली आठवी कोण, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? नाना, तुम्ही बाहेर बसा."

नाना उठले. दारापर्यंत जाऊन ते थांबले. "साहेब, पावतीवर नाव नाही, ही चूक आमची आहे. पण नाव नाही म्हणजे ते आक्काचंच नाही, हेही तुम्ही अंदाजानेच म्हणताय. जिने पावती फाडली तिला विचारा."

साहेब वाईट नव्हते, कागदाचे पक्के होते. हे कागदावर आलेलं बरं, असा विचार करून त्यांनी चिकटताईला बोलावणं धाडलं.

ती येईपर्यंत माझी नजर शेजारच्या ट्रेमध्ये गेली. तिथे दुसरी एक नोटीस तयार होती, फक्त सही व्हायची बाकी होती. ती चिकटताईच्या नावाची होती. त्याच वीस खोक्यांतल्या बाटल्यांना तिने लेबलं लावली होती, मग तडा तिला कसा दिसला नाही, असा सवाल तिच्यात होता.

चिकटताई आली. हात पुसायचा फडका तसाच मुठीत होता. तिने आक्काकडे पाहिलं आणि मग ट्रेकडे. तिथे काय आहे हे तिला ठाऊक होतं, हे मला तिच्या पाहण्यावरून कळलं.

"ही पावती तुमच्या हातची?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"सात जणी कोण?"

खळीने पांढरी पडलेली बोटं तिने एकेक दुमडली. प्रत्येक बोटाला एक नाव घेतलं. सहा झाली. सातवं बोट धरून ती म्हणाली, "आणि आक्का."

"अगं, मी कुठे दिले?" आक्का बोलून गेली. नानांनी डोळे मिटले. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला.

"ऐकलंत?" साहेब म्हणाले. "ती स्वतःच नाही म्हणते आहे."

"तिने नाहीच दिले. तिचे मी भरले," चिकटताई म्हणाली. "आजारी माणसाचे बाकीच्यांनी भरायचे, असं आमच्यात चालतं. त्या महिन्यात बाकीच्यांचीही ओढाताण होती, म्हणून मी कुणाला विचारलं नाही."

"म्हणजे तुमचे आणि तिचे, असे दोघींचे तुम्ही भरलेत?"

पंखा दोन-तीन फेऱ्या टकटकला. तिच्याकडे वेळ होता. आधी घेतलेल्या सहा नावांतलं एखादं चुकलं असं म्हणून, ते गाळून तिला तिथे आपलं घालता आलं असतं. ज्या बाईचं नाव गाळलं असतं, ती काही त्या खोलीत उभी नव्हती. हे तिला सुचलं नसेल असं मला वाटत नाही.

"नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे एकीच्याच वर्गणीचे पैसे होते. ते मी तिच्या नावाने भरले. आठवी मी आहे."

"वर्गणी गोळा करणारीच थकबाकीत?"

"हो साहेब. लाज वाटली म्हणून कुणाला बोलले नाही."

साहेबांनी ट्रेमधला कागद दोन बोटांनी थोडा पुढे सरकवला. "मग हेही ऐकून ठेवा. उद्या तुमची चौकशी लागली, तर या कलमाप्रमाणे तुमच्या शेजारी कुणी बसणार नाही."

"ठाऊक आहे. आमच्या मुकादमाने सकाळीच सांगितलं." तिने मान खाली घातली नाही. "माझं मी बघेन. तिच्या शेजारी नानांना बसू द्या."

साहेबांनी करार काढला आणि ते कलम वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. वर्गणी भरलेली असावी, एवढंच त्यात होतं. कुणाच्या हातून भरलेली, हे काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बसा," ते नानांना म्हणाले.

नाना आक्काच्या शेजारी बसले आणि त्यांनी माझ्यातून तक्रारवही बाहेर काढली. पुढचं सगळं मी सांगत बसत नाही. दिव्यांची तक्रार, तिची तारीख, खाली साहेबांच्याच कचेरीची सही. आक्का सुरुवातीला अडखळली, मग नाना शेजारून "सावकाश" म्हणाले आणि तिने पंधरा दिवसांचा हिशेब घडाघडा सांगितला. आठ दिवसांनी तिची नोटीस मागे घेतली गेली. ट्रेमधला दुसरा कागद साहेबांनी त्याच दिवशी खणात टाकला. दिवेच बंद होते म्हटल्यावर तडा कुणालाच दिसणार नव्हता. त्यावर सही कधी झालीच नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मला फार बरं वाटलं असतं. पण युनियनचा एक नियम होता, माझ्याइतकाच जुना. वर्गणी गोळा करणाऱ्याची स्वतःची वर्गणी एक महिना जरी थकली, तरी पावतीपुस्तक परत घ्यायचं. महिन्याच्या सभेत नानांना तो वाचून दाखवावा लागला. खोली माणसांनी गच्च भरली होती.

"सोडून द्या हो," अध्यक्ष म्हणाले. "ह्या एका वेळेला तरी."

सगळे हरकतदादाकडे बघू लागले. तो उठून उभा राहिला. "मला हरकत घ्यायची नाही," तो म्हणाला, "आणि नियम मोडा, असंही मला म्हणवत नाही." आणि खाली बसला. त्याला इतकं हतबल मी कधी पाहिलं नव्हतं.

नाना चिकटताईला म्हणाले, "तीन महिने मी तुझ्याकडून पैसे मोजून घेतले. पावती अशी का फाडलीस, पानं का चिकटली, म्हणून कटकट केली. तुझं काय, हे मी एकदाही विचारलं नाही. चूक तुझ्याआधी माझी आहे."

"नाना, तुम्ही घेताय असं नको, मीच देते," ती म्हणाली आणि तिने पुस्तक माझ्या झाकणावर ठेवलं. ते उचलायला बराच वेळ कुणी पुढे झालं नाही. शेवटी आक्का उठली आणि तिने ते घेतलं. खात्यातल्या बायकांनी तिलाच नेमलं.

पहिली पावती फाडायची होती चिकटताईच्या थकलेल्या महिन्याची. बायकांनी आपसांत पैसे जमवले होते आणि एकीने ती मूठ तिच्यापुढे धरली.

"नको," ती म्हणाली. "ही माझी मी भरणार." तिने कमरेची पिशवी उघडली आणि सुट्टे पैसे मोजून दिले.

आक्का लिहायला बसली आणि थबकली. "अगं, तुझं पूर्ण नाव काय?" अकरा वर्षं दोघी बाटल्यांच्या एकाच सरकत्या पट्ट्याजवळ उभ्या राहत होत्या, आणि हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. सभा हसली. चिकटताई पण हसली आणि तिने नाव सांगितलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते आता माझ्या पोटात आहे, आणि त्यासाठी तीन माणसं बोलवावी लागतील.

त्या दिवसापासून त्या खात्यात आठ जणींच्या आठ पावत्या फाडतात. जेवायला उशीर होतो, म्हणून दोघी लिहितात आणि दोघी त्यांचे डबे उघडून ठेवतात. कंपनीने अजून वर्गणी कापायला सुरुवात केलेली नाही, त्यामुळे माझी जागा पुन्हा खिडकीखाली आहे. उद्या काय होईल, सांगता येत नाही. कदाचित पुन्हा टेबलाखाली जाईन. त्याची मला फारशी धास्ती वाटत नाही. फळी आहे, टिकेन.

मला धास्ती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, म्हणून एवढं बोलले. तुमच्या वर्गात, गल्लीत, घरात एखादी व्यक्ती अशी असतेच, जी सगळ्यांकडून गोळा करते, सगळ्यांची यादी ठेवते आणि कुणाचं राहिलं तर गुपचूप आपलं घालते. तिच्या हातात पैसे ठेवून लगेच पाठ फिरवू नका. क्षणभर थांबा, आणि तिच्या तोंडाकडे बघून विचारा, "तुझं भरलंस का?"